वाळवंटातली अळंबी

सौदीतल्या जुबैलहून निघताना आमच्या गाडीत काय काय होतं ते आधी सांगते. लाकडाच्या, रंगवलेल्या खोट्या सुरुंगांचं एक खोकं, दवाखान्यातली प्रथमोपचाराची पेटी, पाण्याच्या बाटल्या आणि मागच्या सीटवर आमचे हे. खोटे सुरुंग माझे, कारण शिकवायला मी चालले होते. आणि हे माझ्यामुळे, कारण या देशात बाईमाणसाला असं दूर जायचं तर महरम (नवरा, बाप, भाऊ असा घरचा पुरुष) सोबत लागतो. ह्यांचं काम क्रेनवरच्या फोरमनचं. अख्ख्या जुबैलचं लोखंड इकडून उचलून तिकडे ठेवणारा माणूस आता बायकोच्या मागे मागे निघालाय, यावर ह्यांच्या कॅम्पातल्या मंडळींनी बरेच दिवस करमणूक करून घेतली होती. हे वरवर चिडत होते, पण रजा मिळाली म्हणून आतून खूश होते.

तेलाचा भाव चढत होता तेव्हाची ही गोष्ट. जुबैलमध्ये जिकडे बघावं तिकडे नव्या प्लान्टचा पाया खणलेला. आमच्या कंपनीला उत्तरेला, कुवेतच्या सरहद्दीकडे पाइपलाइन टाकायचं काम मिळालं होतं. तिकडच्या वाळूत जुन्या लढाईतले सुरुंग अजून पडून होते. म्हणून पाइपलाइनच्या पुढे सुरुंग काढणारी तुकडी चालायची आणि तिच्या मागून आमची माणसं. पण त्याच माळावर हिवाळ्यात बदूंचे (वाळवंटातल्या फिरत्या लोकांचे) तंबू पडतात. पुरुषांना जमवून तुकडीच्या कॅप्टनने धोका समजावून सांगितला होता. बायकांना कोण सांगणार? परपुरुषासमोर त्या बसणार नाहीत. आणि त्या मोसमात माळभर हिंडतात त्या बायकाच, फगअ शोधायला.

फगअ म्हणजे काय, हे मलाही तेव्हा नीट ठाऊक नव्हतं. मी कंपनीच्या दवाखान्यात नर्स; मला बोलावलं ते माझ्या अरबीमुळे. हे अरबी मी बायकांच्या वॉर्डात, त्यातही बाळंतपणाच्या खोलीत शिकले. ‘श्वास घे, हलू नकोस, घाई नको, ओरड हवं तर, मी इथेच आहे’ एवढं मी झोपेतही बोलू शकते. बाजारात भाव करताना मात्र माझी जीभ अडखळते. कॅप्टन इद्रिस आमच्या दवाखान्यात मला तयार करायला आले, तेव्हा मी हे स्पष्ट सांगितलं. ते सुदानचे, सैन्यातून निवृत्त झालेले, ताडमाड उंच आणि बोलायला अगदी मऊ. ते हसून म्हणाले, “सिस्टर, सुरुंगाजवळ माणसाला सांगायला हेच शब्द लागतात. याहून जास्त अरबी मलाही लागत नाही.”

नुऐरिया नावाच्या गावापर्यंत रस्ता सरळसोट होता. तिथे पेट्रोल भरायला थांबलो तर रस्त्याच्या कडेला पिकअप गाड्या ओळीने उभ्या, आणि त्यांच्या फळ्यांवर बटाट्यासारखं काहीतरी मातकट रचून ठेवलेलं. हे खाली उतरले, एक बटाटा उचलला, नाकाशी नेला आणि तिथेच थबकले.

“अगो,” हे म्हणाले, “वास घे. ही तर आपली अळंबी!”

मी वास घेतला. ओल्या मातीचा, श्रावणातल्या कातळसड्याचा वास. राजापूरकडच्या आमच्या गावात वारुळांभोवती अळंबी उगवतात तेव्हा घरभर येतो, तोच. विकणारा म्हातारा म्हणाला, “फगअ.” आकाशात विजा कडाडल्या की ही वाळूच्या पोटात धरतात आणि मोठी झाली की वरची जमीन फुगून तडकते, असं त्याने हातवारे करून सांगितलं. तो तडा ओळखायचा आणि काठीने उकरायचं.

तडकलेली, फुगलेली जमीन ओळखायची आणि काठी खुपसायची! सुरुंगाच्या जागी माणसाने जे जे करू नये, ते ते सगळं या अळंब्यांसाठी करावं लागत होतं. ह्यांचं त्याकडे लक्ष नव्हतं. कोकणी माणसाला अळंबी दिसली की दुसरं काही दिसत नाही. अर्धा किलो घेऊन हे गाडीत बसले आणि पुढचा सगळा रस्ता मांडीवरच्या पिशवीत नाक घालून होते.

तुकडीचा तळ म्हणजे चार पत्र्याच्या केबिनी, एक पाण्याचा टँकर आणि एक जनरेटर. एक केबिन आम्हाला मिळाली. तिथून जरा अंतरावर बदूंचे काळे तंबू होते. पलीकडे लढाईच्या वेळी रचलेला वाळूचा लांबच लांब बांध, आणि त्याच्याही मागे तसाच दुसरा. दुसऱ्या बांधापर्यंतची जमीन तुकडीने तपासून मोकळी केली होती. त्याच्या पलीकडची राहिली होती. तिच्या हद्दीवर दगड मांडलेले, एका अंगाला पांढरे आणि दुसऱ्या अंगाला लाल रंगवलेले. कॅप्टननी मला ते दाखवलं. मोकळ्या जमिनीवर उभं राहून पाहिलं की दगडाचं पांढरं तोंड दिसतं. लाल तोंड दिसलं तर समजायचं, आपण आत शिरलोय.

“आणि लाल दिसलं तर?” मी विचारलं.

“तर मकानक.” मकानक म्हणजे ‘आहेस तिथेच’. “एक पाऊल पुढे नाही, एक मागे नाही. हाक मारायची आणि वाट बघायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, घरून निघताना कुठे जातोय ते कुणाला तरी सांगून निघायचं. नाहीतर वाट बघून उपयोग काय?”

तंबूत बायकांच्या बाजूला मला मानाने बसवलं. लोकरीचं जाजम, शेगडीवर गहवा (वेलदोड्याची फिकी कॉफी), खजूर. मधोमध उम्म मुतलक बसलेली. मुतलकची आई म्हणून उम्म मुतलक. तोंडावर काळा बुरगा (डोळे सोडून चेहरा झाकणारा मुखवटा), हातात काठी, आणि बसणं असं की तंबूच नव्हे, माळ तिच्या मालकीचा. मला ती ‘दक्तोरा’ म्हणू लागली. मी डॉक्टर नाही, नर्स आहे, असं मी सांगितलं. तिने मान डोलावली आणि पुन्हा दक्तोराच म्हटलं. तिची सून हेसा माझ्याजवळ सरकून बसली. चार-पाच शेजारणी, त्यांची पोरं, असा वर्ग भरला.

मी खोटे सुरुंग जाजमावर मांडले. पोरांनी मागे सरकावं अशी माझी अपेक्षा, तर ती पुढेच आली. एका शेजारणीने एक थाळीसारखा सुरुंग उचलून, भाकरीला बरा आहे, असं म्हटलं आणि सगळ्या खिदळल्या. मग मी आवाज चढवला. वॉर्डात पहिलटकरणीच्या सासूला बाहेर घालवताना लावते तो आवाज. त्यानंतर मात्र सगळं सुरळीत झालं. पांढरं तोंड, लाल तोंड, मकानक. पोरांना मी तंबूबाहेर पळायला लावायची आणि मध्येच ‘मकानक’ म्हणून ओरडायची. जे हलेल ते बाद. पडद्यापलीकडे पुरुषांच्या बाजूला हे एकटेच गहवा पीत बसले होते. माझं ओरडणं ऐकून हे तिथे कप धरून थिजल्याचं सोंग करायचे, असं मला मागाहून कळलं.

गाडं अडलं ते शेवटच्या गोष्टीवर. “फगअला निघताना घरात सांगून निघा, कुठे जाताय ते,” असं मी म्हटलं. हेसा खजुराची बी बोटांत फिरवत राहिली.

“ते नाही व्हायचं, दक्तोरा,” उम्म मुतलक म्हणाली. “माझी जागा मला माझ्या आईने मरताना सांगितली. मी मरताना सांगीन. आज सांगितली तर उद्या तिथे नुऐरियाच्या दहा गाड्या उभ्या राहतील.”

“घरातल्यांना सांगायला काय हरकत आहे? सुनेला?”

“सुनेला माहेर असतं,” ती म्हणाली. सगळ्या हसल्या, हेसासुद्धा.

मी पुष्कळ समजावलं, पण मनातून मला कळत होतं की हे अवघड आहे. मी कोणत्या तोंडाने सांगणार? आमच्या गावातही तेच. अळंब्यांची जागा सख्ख्या भावाला कळू देत नाहीत. ह्यांची एक जागा आहे. लग्न होऊन घरात आले तेव्हापासून पाहते, श्रावणात पहाटे उठून हे गुपचूप जातात आणि टोपली भरून आणतात. कुठून, ते मला कधी सांगितलं नाही. आणि विचारायची तर सोय नाही, कारण निघालेल्या माणसाला ‘कुठे’ म्हणून टोकायचं नाही, हे सासूबाईंनी पहिल्या आठवड्यातच बजावलं होतं. टोकलं की काम होत नाही. त्या दिवसापासून ह्या घरातून कोणी निघालं की मी दारात उभी राहते, ‘या’ म्हणते आणि गप्प बसते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा शिकवलं, पुन्हा तिथेच अडलं. संध्याकाळी आम्ही दोघं केबिनीच्या पायरीवर चहा घेत बसलो होतो. लांबवर उम्म मुतलक एकटीच येताना दिसली. अबायाचा (अंगभर काळ्या झग्याचा) ओचा जड झालेला. ती सरळ तंबूकडे न येता आधी टँकरकडे गेली, तिथून वळसा घालून उंटांकडे आणि मग घरी.

“म्हातारी वेडीवाकडी का चालतेय?” मी म्हटलं.

“दमली असेल,” हे म्हणाले. पण डोळे बारीक केलेले. नवऱ्याचे बारीक केलेले डोळे पाहून मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. ह्यांची आत्याही अळंबी घेऊन अशीच चार वाटा फिरून घरी यायची, म्हणजे बघणाऱ्याचा माग चुकावा. कोकणात वाढलेल्या माणसाला ती खूण पुस्तकासारखी वाचता येते. म्हातारी टँकरकडे वळण्याआधी कुठून आली, तेवढंच लक्षात ठेवायचं.

सकाळी मी चहाचं पाणी ठेवत होते. हे बूट चढवून, पिशवी खिशात कोंबून बाहेर पडले. कोवळं ऊन होतं. तिरप्या उन्हात फुगलेल्या जमिनीची सावली पडते आणि फगअ लवकर सापडतात, हे नुऐरियाच्या म्हाताऱ्याने सांगितलं होतंच. मी दाराशी आले. ओठावर आलं होतं विचारायचं. पण सवय. मी म्हटलं, “या.” हे म्हणाले, “आलो,” आणि गेले.

चहा निवला. मग नाश्त्याची वेळ टळली. ऊन चढलं, तंबूतून मला बोलावणं आलं, तरी ह्यांचा पत्ता नाही. कॅप्टन केबिनींच्या मागे, टँकरपाशी, पुरुषांच्या तंबूत पाहून आले. मग माझ्यापाशी येऊन त्यांनी मऊ आवाजात विचारलं, “सिस्टर, ते कुठे गेले?”

“माहीत नाही.”

“जाताना काही म्हणाले?”

“आलो म्हणाले.”

“तुम्ही विचारलं नाहीत?”

दोन दिवस घसा ताणून मी त्या बायकांना शिकवत होते की सांगून निघा, आणि माझा स्वतःचा नवरा न सांगता गेला होता, नि मीही न विचारता त्याला जाऊ दिलं होतं. बायका तंबूच्या दारात जमल्या होत्या. कोणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं. वॉर्डात इतक्यांदा लोकांचे नवरे, लोकांच्या बायका यांच्यासाठी मी शांत राहिलेय, पण ती शांतता स्वतःसाठी वापरायची वेळ आली तेव्हा जवळ नव्हती.

केबिनीपासून बुटाचे ठसे पहिल्या बांधाकडे गेले होते. पुढे बारीक खडीची जमीन, तिथे ठसे संपले. वारा सुटला होता. कॅप्टन म्हणाले की माणसं चारी दिशांना पाठवतो, पण आत शोधायचं तर एकेक वाट तपासूनच जावं लागेल आणि माळ मोठा आहे. कुठून सुरुवात करायची, एवढं कळलं तरी पुरे.

उम्म मुतलक काठी टेकत ठशांपाशी आली. वाकून पाहिलं. ठसे संपतात तिथे उभी राहिली आणि त्यांच्या दिशेने पुढे बघत राहिली. मग मागे वळून आमच्याकडे पाहिलं. बुरग्यातून फक्त डोळे दिसत होते, पण मला कळलं की हिला ठाऊक आहे. आणि हेही कळलं की ती का बोलत नाही. सून, शेजारणी, तुकडीतले परके पुरुष, ड्रायव्हर, सगळे कान देऊन उभे होते.

मी तिच्याजवळ गेले. अरबी सगळं विसरले होते. तिचा हात धरला आणि मराठीत म्हटलं, “मावशी, सांगा हो.”

तिला शब्द कळले असतील असं नाही. तिने माझा हात झटकला नाही. उलट तोच हात धरून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात ती म्हणाली, “दुसऱ्या बांधाच्या पलीकडे. गंजलेली टाकी आडवी पडली आहे, तिच्या उजव्या हाताला, जिथे रगरूगची (फगअ ज्यांच्याजवळ उगवतात ती खुरटी झुडपं) दाटी आहे. माझ्या आईची जागा. तुझा नवरा तिथे आहे. काल त्याने मला पाहिलं, मीही त्याला पाहिलं. यल्ला, गाडी काढा.”

उम्म मुतलक, हेसा आणि मला घेऊन निघालेली पिकअप दगडांच्या हद्दीशी थांबली. आणि खरंच, पलीकडे आडव्या टाकीच्या बाजूला, झुडपांत आमचे हे उभे होते. हातात भरलेली पिशवी, पाय जुळवलेले, अगदी राजापूरच्या स्टँडवर एस्टीची वाट बघत असल्यासारखे. जिवंत. हातीपायी धड. मला रडू फुटलं आणि त्याच क्षणी सणकून रागही आला.

“अगो!” हे लांबून ओरडले. “मी हललो नाही! लाल दिसलं तसा हललो नाही!”

झालं होतं असं. हद्दीच्या दगडांवर वाळू चढली होती. खाली मान घालून, एका तड्यावरून दुसऱ्या तड्याकडे जाता जाता हे कधी आत शिरले ते ह्यांनाच कळलं नाही. पिशवी भरली तेव्हा मान वर केली, तर मागच्या बाजूला वाऱ्याने उघडे पडलेले दोन दगड, आणि त्यांची लाल तोंडं ह्यांच्याकडे. पडद्यापलीकडून दोन दिवस ऐकलेलं माझं ‘मकानक’ त्या वेळी कानात वाजलं, असं ह्यांनी मागाहून सांगितलं. हाका मारून घसा बसला होता, पण वारा उलटा होता. मागच्या पावलांवर पाय ठेवत यावं म्हटलं तर पावलं बुजली होती. म्हणून उभेच. आणि कुणालाही न सांगता आलोय, हे आठवून घाम फुटत होता.

कॅप्टनचे दोघे जण गुडघ्यांवर बसून, यंत्र फिरवत, हातभर हातभर जमीन तपासत वाट काढू लागले. कॅप्टन मला म्हणाले, “ऊन वाढतंय. त्यांना बोलतं ठेवा. चक्कर आली, बसले, तर मोठी पंचाईत.”

मग माझा वॉर्डातला आवाज परत आला. कुठून आला कोण जाणे. “श्वास घ्या,” मी ओरडले. “नाकाने घ्या, तोंडाने सोडा. गुडघे ताठ ठेवू नका. घाई नाही. मी इथेच आहे.”

“पायाला मुंग्या आल्यात गो.”

“येऊ देत. आणखी काय?”

“तू रागावलीस काय?”

“घरी गेल्यावर सांगते.”

“पिशवी खाली ठेवू काय? जड झालीय.”

“काहीही खाली ठेवायचं नाही! घ्या आता हौसेने आणलीत ती.”

उम्म मुतलक माझ्या शेजारी काठीवर हनुवटी टेकून उभी होती. मराठी कळत नसूनही तिला सगळं कळत होतं. मी थांबले की ती काठीने मला ढोसायची, बोल, बोल म्हणून. मी काय काय बोलले देव जाणे. शेजारच्या बिल्डिंगमधली भांडणं, डाळीत मीठ जास्त पडलेलं, सासूबाईंचा गुडघा. बाळंतीण अडली की असंच बोलत राहावं लागतं. शब्दांना काही अर्थ नसला तरी चालतो.

वाट अर्धी झाली तेव्हा यंत्र वाजलं. पुढचा माणूस थांबला, बोटभर बोटभर वाळू बाजूला केली आणि तिथे छोटी लाल झेंडी रोवली. ती झेंडी ह्यांच्यापासून दूर होती. ती होती कालच्या, लहानशा चपलांच्या आणि शेजारी टेकलेल्या काठीच्या ठशांना खेटून; झुडपाच्या आडोशाला वारा न लागल्याने ते राहिले होते.

उम्म मुतलकने ते पाहिलं. इतका वेळ माळाच्या मालकिणीसारखी उभी असलेली ती बाई हळूच वाळूत खाली बसली. हेसा धावत आली. म्हातारी तिच्याकडे न बघता म्हणाली, “मागच्या साली मी तुझ्या लेकीला घेऊन आले होते इथे. कुणाला न सांगता.” हेसाने तोंडावर हात धरला. मग दोघी एकमेकींना धरून बसून राहिल्या.

पुढची वाट मोकळी निघाली. दोन पांढऱ्या फितींच्या मधून हे आले, कॅप्टनच्या माणसाच्या पावलावर पाऊल ठेवत. हद्द ओलांडली आणि माझ्या अंगावरच कोसळले. चार लोकांत, सौदीत, परपुरुषांसमोर मी नवऱ्याला मिठी मारून उभी होते. कॅप्टन दुसरीकडे बघू लागले. मुद्दाम, हे मला कळलं.

हे सावरले आणि पहिली गोष्ट काय केली असेल? भरलेली पिशवी दोन्ही हातांनी उम्म मुतलकपुढे धरली. “तुझी आहेत, खाला (मावशी). माफ कर.” ह्यांचं अरबी एवढंच, पण पुरलं. तिने पिशवीत हात घालून एकेक फगअ दाबून पाहिलं, निम्मी आपल्या ओच्यात ओतली आणि निम्मी परत केली.

“ही खा,” ती म्हणाली. “यांच्यासाठी तू उभा राहिलास.”

दुपारी तुकडीने तो सुरुंग उडवला. आम्ही तंबूत होतो. जमिनीतून धक्का आला, गहव्याचे कप किणकिणले आणि पोरं टाळ्या वाजवू लागली. आमच्यातल्या कोणी वाजवल्या नाहीत. उम्म मुतलकने जाजमाचं टोक उलटवलं, खालची वाळू हाताने सपाट केली आणि काठीने बांध काढला, टाकी काढली. “ही माझी,” ती म्हणाली. “आता ती सगळ्या जगाला ठाऊक आहे. तुम्ही बोला.”

मग हेसाने एक खजुराची बी ठेवली, अगदी कडेला. शेजारणींनी ठेवल्या. त्यांच्यातल्या दोघी जावा एकाच वेळी पुढे वाकल्या आणि दोघींनी बी ठेवायला हात नेला तो एकाच ठिकाणी. एकमेकींकडे बघत राहिल्या. किती तरी वर्षं दोघी एकमेकींना चुकवून एकाच जागी जात होत्या आणि ‘यंदा पीक कमी’ म्हणून देवाला बोल लावत होत्या. तंबू फुटेल इतकं हसू आलं. उम्म मुतलक तर बुरग्याखाली डोळे पुशीत होती. सकाळपासून सगळ्यांच्या छातीवर बसलेलं ओझं त्या हसण्यात निघून गेलं. कॅप्टनना मी नंतर सगळ्या जागा सांगितल्या, बायकांना विचारूनच. त्यातल्या दोन दुसऱ्या बांधापलीकडे निघाल्या. तिकडची जमीन आधी तपासायचं त्यांनी कबूल केलं, आणि तोवर तिकडे कोणी जायचं नाही असं उम्म मुतलकने फर्मान काढलं. माझ्या शिकवण्यापेक्षा त्या फर्मानाला जास्त वजन होतं आणि मला त्याचं काही वाईट वाटलं नाही.

परतीच्या वाटेवर मी रागवायचं म्हणून जे काही साठवून ठेवलं होतं, ते कुठे गेलं कोण जाणे. नुऐरिया मागे पडलं. दोन्ही बाजूंना हिरवट झालेला माळ आणि त्यावर उंट. एकाएकी हे म्हणाले,

“घाटी चढून गेलीस की कातळ संपतो ना, तिथे किंजळीचं झाड आहे. त्याच्या उगवतीला जुनं वारूळ. करवंदीच्या जाळीमुळे वरून दिसत नाही. वाकून जावं लागतं.”

“कसलं वारूळ?”

“अळंब्यांचं,” हे खिडकीबाहेर बघत म्हणाले. “आपली जागा.”

इतक्या वर्षांच्या संसारात मिळालेले दागिने, साड्या मी मोजायला बसले तर पुष्कळ निघतील. पण त्या दिवशी गाडीत मला जे मिळालं, ते ह्यांच्या सख्ख्या भावालाही मिळालेलं नाही. (गावची मंडळी हे वाचतील म्हणून झाडाचं नाव मी बदललं आहे, तेवढं माफ करावं.)

घरी आल्यावर त्या फगअचं मी कांदा, खोबरं घालून सुकं केलं. जुबैलच्या डब्यातलं सुकं खोबरं ते, पण चव लागली. सकाळी ह्यांची शिफ्ट होती. नेहमीसारखे बूट चढवून, डबा घेऊन हे दाराकडे गेले. मी दारात उभी राहिले. ‘या’ म्हणायला तोंड उघडलं आणि बंद केलं. सासूबाईंची मनातल्या मनात क्षमा मागितली आणि म्हटलं,

“कुठे निघालात?”

हे वळले. मग डबा खाली ठेवून शहाण्या मुलासारखं सगळं सांगितलं. कोपऱ्यावरची कंपनीची बस, नव्या प्लान्टचं मागचं गेट, मोठ्या टाकीजवळची क्रेन, तिथे दुपारपर्यंत आणि मग सरळ घरी.

“बरं,” मी म्हटलं. “या.”

बस वळून दिसेनाशी होईपर्यंत मी उभी होते. मग आत आले आणि निवांत चहा प्यायले.